मराठी शब्दमोजणी: ओळीमागून ओळ

विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयातल्या जुन्या मराठी पुस्तकांतले शब्द मोजायची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) आता बऱ्यापैकी भरवशाची झाली आहे. पद्धत तीच: अख्खी फाइल मेमरीत ओढायची नाही. एक ओळ वाचायची, साफ करायची, शब्द मोजायचे, पुढची घ्यायची.

सुरुवात ऑकमध्ये केली होती. १९७७ साली बेल लॅब्जमध्ये तयार झालेली ही भाषा ओळींच्या कामासाठीच आहे आणि रकान्यांच्या फाइलींना मी अजून तीच वापरतो. पण डेबियन या लिनक्स प्रणालीवर आपसूक मिळते ती ऑकची मॉक ही आवृत्ती, आणि ती अक्षरं नाही, बाइट मोजते. ‘मराठी’ची लांबी ती १५ सांगते: म, र, काना, ठ, वेलांटी अशी ५ चिन्हं, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट. म्हणून मुक्काम पायथॉन या भाषेवर हलवला.

तिथे शब्दातलं कुठलंही अक्षर पकडणाऱ्या बॅकस्लॅश-डब्ल्यू या खुणेवर विसंबू नका. पायथॉनच्या मजकुरात नमुने शोधायच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलमध्ये काना-मात्रा त्यात बसत नाहीत, ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात. मी यूनिकोडचा (अक्षरांना दिलेल्या क्रमांकांचा) पट्टा स्वतः लिहिला: ०९०० ते ०९६३, म्हणजे दंड (।) आणि अंक बाहेर राहतात. ‘ॲ’ मात्र पार ०९७२ वर आहे, तो आठवणीने घ्यायचा.

सगळ्यात जास्त वेळ ‘ऱ्या’ने घेतला, आणि तो द्यायलाच हवा. ‘शेतकऱ्यांना’ कुणी ०९३१ वरच्या ऱ ने टाइप करतं, कुणी साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) देऊन. डोळ्यांना एकच शब्द, मोजणीत दोन. एनएफसीने (तुटक चिन्हं जोडून एक अक्षर करणाऱ्या यूनिकोडच्या पद्धतीने) र आणि नुक्ता (खालचं टिंब) यांचा ऱ होतो, पण झेडडब्ल्यूजेवालं रूप तसंच राहतं. झेडडब्ल्यूजे सरसकट उडवला तर ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं, अर्थच बदलतो. त्यामुळे आधी र-हलन्त-झेडडब्ल्यूजेच्या जागी ऱ-हलन्त, मगच उरलेली सफाई, हा क्रम पक्का केलाय.

बीओएमसाठी (फाइलीच्या सुरुवातीला असणाऱ्या न दिसणाऱ्या चिन्हासाठी) फाइल उघडताना ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की पुरतं.

आता ओळीअखेर जोडरेघेने तुटलेले शब्द. शेवटचा तुकडा राखून पुढच्या ओळीला चिकटवतो. रेघ ठेवायची की काढायची हे पहिल्या फेरीत मोजलेल्या शब्दांचा तक्ता ठरवतो: सलग रूप त्यात असेल तर काढायची. ‘हळूहळू’सारखे शब्द याने नीट जुळतात, विरळ सामासिक शब्द अजून निसटतात. दुसरी फेरी चालू आहे.