प्रोजेक्टर ते प्रश्नपेढी : आमची वाटचाल

सांगलीत आमची फर्म सुरू झाली 2006 साली. धाकटा भाऊ हार्डवेअर बघायचा आणि मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संगणक शिकवायचे. तिथलं मानधन कधी हातात पडेल याचा भरवसा नसायचा, म्हणून संध्याकाळी दुकानात बसायला लागले आणि हळूहळू तेच माझं मुख्य काम झालं. एमएस-सीआयटीची लाट होती, महाविद्यालयांत लॅब उभ्या राहत होत्या. मशीन असेंबल करून द्यायची, नेटवर्किंग करायचं, एएमसी म्हणजे देखभालीचा वार्षिक करार घ्यायचा, असा धंदा होता. लोडशेडिंगमुळे निम्मा वेळ यूपीएस आणि बॅटऱ्यांतच जायचा.

पुढे प्रोजेक्टरची मागणी आली. तेही आम्ही भरपूर बसवले. पण सर्व्हिसिंगला गेले की मी मुद्दाम मागच्या बाकावर थोडा वेळ बसायचे. आधी सर फळ्यावर लिहून द्यायचे, आता तोच मजकूर पडद्यावर यायचा आणि मुलं तो वहीत उतरवून घ्यायची. शिकवणारी बाई माझ्यात शिल्लक होती, तिला हे खटकायचं. एवढा पैसा ओतून मुलाला काल न कळलेलं आज कळतंय का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

वेगळं काही पहिल्यांदा पाहिलं ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये. चित्रफितींतून सॉफ्टवेअर शिकवणारा प्रा. कण्णन मौद्गल्य यांचा हा प्रकल्प. केंद्र सरकारने 2009 मध्ये माहिती तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्याच्या निधीतून तो वाढला. साधारण दहा मिनिटांची एक चित्रफीत, स्क्रीन जशीच्या तशी, निवेदन मराठीतही. अर्ध्या पडद्यावर चित्रफीत चालू ठेवायची, उरलेल्या अर्ध्यात तेच सॉफ्टवेअर उघडायचं आणि ऐकता ऐकता स्वतः करून बघायचं. आम्ही लॅबमध्ये हेडफोन लावून दिले. एरवी मागे बसणारी मुलगी चित्रफीत थांबवून, मागे नेऊन, पुन्हा तेच ऐकत सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढत होती. वर्गात सरांना तिसऱ्यांदा विचारायची तिची टाप नव्हती. इथे तिला कुणाला विचारायचंच नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या कामाला दिशा मिळाली, असं मी मानते.

मग मूडल हाती घेतलं, म्हणजे अभ्यासाचं साहित्य आणि चाचण्या ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे मार्टिन डुगियामस यांनी ते तयार केलं. त्यांचं स्वतःचं लहानपणीचं शिक्षण दुर्गम भागात रेडिओवरून झालेलं. 2002 च्या ऑगस्टमध्ये पहिली आवृत्ती आली, आणि ते मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे लायसन्सची फी नाही. अनुदानित महाविद्यालयाच्या खर्चात हे बसतं. लॅबमधल्याच एका बऱ्यापैकी मशीनवर लिनक्स टाकून आम्ही पहिला सर्व्हर उभा केला.

लोकांनी मूडलमध्ये पहिल्यांदा काय केलं? नोट्सच्या पीडीएफ चढवल्या. तो ढीग कुणी उघडत नाही, हे लॉगमध्ये, म्हणजे वापराच्या नोंदींत, दिसतंच. आमचा जोर पहिल्यापासून प्रश्नांवर राहिला. त्याला आधार आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला हे सांगायला हवं.

चांगला प्रश्न कसा असतो, ते एका उदाहरणाने सांगते. बी.कॉम.ला घसारा, म्हणजे वापरामुळे वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत, शिकवतात. यंत्राची किंमत 1,00,000 रुपये, दरवर्षी उरलेल्या किमतीवर 10 टक्के घसारा, तर तिसऱ्या वर्षाचा घसारा किती? उत्तर 8,100. चुकीचे पर्याय उगाच कुठलेही आकडे टाकून करायचे नाहीत. 10,000 निवडणाऱ्याने सरळ रेषा पद्धत लावली आहे, म्हणजे दरवर्षी मूळ किमतीवरच घसारा काढला आहे. 9,000 निवडणारा दुसऱ्या वर्षावरच थांबला. 72,900 म्हणणाऱ्याने घसाऱ्याऐवजी वर्षअखेरची शिल्लक काढली. म्हणजे तीन चुका, तीन वेगळी कारणं. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र अभिप्राय लिहिता येतो. मुलाने 72,900 वर टिचकी मारली की त्याला लगेच दिसतं, ‘शिल्लक बरोबर काढलीस, प्रश्न घसाऱ्याचा आहे’. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात कितीही तळमळीच्या मॅडम असल्या तरी प्रत्येकाच्या वहीपाशी त्या क्षणी पोचू शकत नाहीत. शिवाय किंमत आणि दर प्रत्येकाला वेगळे देता येतात, त्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर उतरवून भागत नाही. गणितासाठी यापुढची पायरी म्हणजे स्टॅक, क्रिस सँगविन यांनी ब्रिटनमध्ये विकसित केलेली प्रश्नप्रणाली. तिथे मुलगा पर्याय निवडत नाही, समीकरणच टाइप करतो, आणि त्याचं उत्तर वेगळ्या रूपात असलं तरी बीजगणिताने ताडून पाहिलं जातं.

प्राध्यापकांसाठी सगळ्यात मोलाची गोष्ट त्यानंतर येते. चाचणी झाली की मूडल प्रत्येक प्रश्नाची आकडेवारी देतं. किती टक्के मुलांना प्रश्न आला, आणि एकूण गुण चांगले असलेल्यांना तो जास्त आला की कमी. एका अर्थशास्त्राच्या चाचणीत एक प्रश्न उलटा निघाला, वरच्या मुलांचा चुकत होता आणि खालच्यांचा बरोबर येत होता. किंमत घटल्यामुळे मागणी वाढली तर तो कुठला बदल, असा प्रश्न होता. उत्तरसूचीत ‘मागणीतील वृद्धी’ टाकलं गेलं होतं, खरं उत्तर ‘मागणीतील विस्तार’. वृद्धी म्हणतात ती किंमत सोडून दुसऱ्या कारणाने मागणी वाढली तर. अभ्यास केलेल्या मुलांनी विस्तार निवडून गुण गमावले होते. सरांनी सूची दुरुस्त केली, फेरगुणांकन एका बटणावर झालं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मागणी वक्रावरचं सरकणं आणि वक्र स्वतःच सरकणं यांवर अख्खा तास घेतला. कागदी परीक्षेत असा प्रश्न वर्षानुवर्षं चालत राहतो.

आपल्याकडचा एक अडथळा बाहेरून आणलेल्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडत नाही, तो म्हणजे फॉन्ट. बी.ए.च्या प्राध्यापकांकडे वीस वर्षांच्या नोट्स, पण श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. मूडलमध्ये पेस्ट केल्या की इंग्रजी अक्षरांचा चिखल. कन्व्हर्टर असतात, पण नंतर हाताने तपासावं लागतंच. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर साठवलेला, युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत क आधी आणि वेलांटी नंतर. ‘कर्म’मधल्या रफाराचं याच्या बरोबर उलट. जरा हुकलं की पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. आमच्या ऑफिसातल्या दोघी मुली या तपासणीत तरबेज झाल्या आहेत. मराठी माध्यमाच्या मुलाला संगणकावर मराठीत नीट प्रश्न वाचता आला पाहिजे, यासाठी हे काम आम्ही अगदी कमी दरातही करतो.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि फोन थांबेनात. जिल्ह्यातल्या जत, आटपाडी, शिराळ्याकडची मुलं, घरात एकच मोबाइल, रेंजसाठी टेकडीवर जायचं. आम्ही प्राध्यापकांना तासभराचं लाइव्ह लेक्चर टाळायला सुचवलं. स्लाइड्स आणि सोबत छोटा आवाज, फाइल शक्य तितकी लहान. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये चाचणी डाउनलोड करून नेट नसताना सोडवता येते आणि रेंज आली की उत्तरं वर जातात, ही सोय आम्ही जिथे जमेल तिथे सुरू करून दिली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्टअखेर आला, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यात बऱ्याच ठिकाणी त्या बहुपर्यायी पद्धतीने ऑनलाइन झाल्या. आधीपासून प्रश्न सोडवायची सवय असलेली मुलं त्यात गोंधळली नाहीत, याचं आम्हाला फार समाधान वाटलं.

त्यानंतर ऑर्डरी वाढल्या आणि त्यातल्या काही आम्ही नाकारल्या. एका संस्थेला महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायच्या आत एलएमएस, म्हणजे मूडलसारखी प्रणाली, हवी होती. फोटो, लॉगिनची संख्या, अहवाल, एवढंच. ‘प्राध्यापकांचं प्रशिक्षण नंतर बघू’ म्हणाले. ते काम आम्ही घेतलं, उरलेलं बिल अजून यायचं आहे. तेव्हापासून आमची अट आहे की प्रत्येक विभागातून निदान दोन प्राध्यापक आमच्यासोबत बसून आपल्या विषयाचे प्रश्न स्वतः लिहितील, तरच काम घेऊ. प्रश्न आम्ही लिहून देत नाही. घसारा शिकताना मुलं कुठे अडखळतात, ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

भौतिकशास्त्राच्या एका मॅडमनी हार्वर्डच्या एरिक मझूर यांची पद्धत उचलली. वर्गात प्रश्न टाकायचा, मुलांनी मोबाइलवर मत द्यायचं, मतं विभागली गेली की शेजाऱ्याला पटवायला सांगायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंच जागी असतो, तेव्हा त्याच्यावर बल किती? निम्मा वर्ग ‘शून्य’ म्हणतो. मग जो गलका होतो तो ऐकायला मी आजही वर्गात जाऊन बसते. वेग शून्य असला तरी गुरुत्वाकर्षण चालूच आहे, हे मुलंच एकमेकांना समजावतात.

आता घरी दिलेली असाइनमेंट एआयकडून लिहून येते. त्यावर पकडापकडीची सॉफ्टवेअर विकायला आम्हाला विचारणा होते, आम्ही विकत नाही. त्याऐवजी लॅबमध्ये समोर बसून छोट्या चाचण्या आणि तोंडी परीक्षा, असं सुचवतो.

सध्या तीन महाविद्यालयांचे वाणिज्य विभाग एकमेकांचे प्रश्न वापरू लागले आहेत. फाइल एका सर्व्हरवरून काढून दुसऱ्यावर चढवायची, आकडेवारीत कमकुवत निघालेले प्रश्न बाजूला ठेवायचे, बाकीचे सगळ्यांसाठी खुले. भौतिकशास्त्राची मराठी प्रश्नपेढी यंदा हातात घेतली आहे. वर्षानुवर्षं शिकवूनही मुलांना जड जातो असा एखादा धडा तुमच्याकडे असेल, तर तो घेऊन सांगलीच्या ऑफिसात या. पहिल्या धड्याचे पैसे आम्ही घेत नाही.