शेड: मापं तिसऱ्यांदा बदलली

जीप आणि सुतारकामाच्या टेबलासाठी बांधायच्या पत्र्याच्या शेडचं मागे दाखवलेलं २० बाय ३० फुटांचं स्केच विसरा. शेड आता १८ फूट रुंद आणि २९ फूट ३ इंच लांब होणार. माप असं अडनिडं का, तर पत्रा आणि पाइप ज्या लांबीत मिळतात त्यावरून ते उलटं काढलंय. पहिल्यांदाच तसं करायला हवं होतं.

आमच्या दापोलीकडे पाऊस आडवा येतो, त्यामुळे वळचण (छपराची बाहेर येणारी कड) दोन फूट तरी बाहेर हवी. २० फूट रुंदीला एका पाख्याच्या (छपराच्या एका उताराच्या) वाट्याला आडवे १० फूट, मध्यापर्यंतचा चढ ४ फूट, म्हणजे तिरकी लांबी पावणेअकरा. १२ फुटी पत्र्यातून वळचणीला उरतो जेमतेम सव्वा फूट. रुंदी १८ आणि चढ साडेतीन केला की तिरकी लांबी ९ फूट ८ इंच, आणि पत्रा चांगला सव्वादोन फूट बाहेर येतो. जीप आणि रंधा मारायचं टेबल शेजारी-शेजारी मावतं, अंगणात खडूने आखून पाहिलंय.

पाइप ६ मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंच. खांबांचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, दहा-दहा फुटांची धरली की दोन गाळ्यांना पाइप चार इंच कमी पडतो! म्हणून गाळा ९ फूट ९ इंच. तीन गाळे, चार कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), आठ खांब. प्रत्येक पाख्यावर आडव्या पाइपांच्या पाच रांगा, रांगेला दीड पाइप. दोन्ही पाख्यांचे मिळून १५ पाइप आणि तुकडा वाया नाही. (हिशोब जमला त्या रात्री उगाच दोनदा चहा झाला.)

पायावर मात्र काटकसर नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या वाडीतले पत्रे कैचीसकट नारळीच्या बागेत सापडले होते. शेड दबून पडत नाही, वारा आत शिरून ती उचलतो. म्हणून खड्डे २ बाय २ फूट, खोली ३ फूट; एका खड्ड्यातल्या काँक्रीटचंच वजन आठशे किलोच्या आसपास होतं. काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच काढून उतार देणार, नाहीतर खांब नेमका मातीच्या रेषेवर गंजतो.

कोपरे काटकोनात आणायला रविवारी दोरी लावली. कर्ण ३४ फूट ४ इंच यायला हवा; एक तीन इंच जास्त, दुसरा तेवढाच कमी. खुंट्या सरकवता सरकवता दुपार गेली.

सहा खड्डे झाले. सातव्याला जांभा इतका कडक लागलाय की पहार उडते, उद्या दगड फोडायचा ब्रेकर आणतोय.