रागीट नर्ड आणि 72 पिनांचा कन्सोल

पांढरा शर्ट, खिशात पेनं, चष्मा, हातात बिअरची बाटली आणि तोंडात अखंड शिव्या. जुन्या, वाईट व्हिडिओ गेमवर चिडून समीक्षा करणारं पात्र म्हणजे जेम्स रॉल्फचा ‘अँग्री व्हिडिओ गेम नर्ड’. त्याच्या मालिकेच्या नकला इंटरनेटवर शेकड्यांनी झाल्या आणि बहुतेक दोन-चार भागांतच दमल्या. नकला करणाऱ्यांनी शिव्या तेवढ्या उचलल्या. नर्डच्या एखाद्या जुन्या भागातल्या सगळ्या शिव्या गाळून पाहा, खाली चक्क तपासणी अहवाल सापडतो: कुठलं बटण दाबलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि किती वेळा झालं.

पहिला भाग मे 2004 चा. गेम ‘कॅसलव्हेनिया 2: सायमन्स क्वेस्ट’, कोनामीचा, अमेरिकेत 1988 साली आलेला. तक्रारी पाहा. दिवसाची रात्र होताना खेळ थांबतो, पडद्यावर चौकट येते आणि त्यातला मजकूर अक्षर-अक्षर करत उमटतो. बटण दाबून तो पुढे ढकलता येत नाही, आणि हे प्रत्येक सूर्यास्ताला आणि प्रत्येक सूर्योदयाला. वाड्यांमधल्या काही फरश्या खोट्या असतात. होली वॉटर फेकून बघितल्याशिवाय कळत नाही, तोवर माणूस खाली पडलेला असतो. एका कड्यापाशी तर वाटच संपते. तिथे लाल स्फटिक निवडून काही सेकंद गुडघ्यावर बसून राहायचं, मग वावटळ येऊन उचलून नेते. गावकऱ्यांना विचारत फिरलं तरी हे नीट कोणी सांगत नाही. यातली एकही तक्रार ‘मला आवडलं नाही’ या जातीची नाही. ज्याच्याकडे त्या गेमची काडतूस (गेम-यंत्रात घालायची डबी) असेल त्याने लावून पडताळून घ्यावी.

रॉल्फचा जन्म 1980 चा, न्यू जर्सीचा. शिक्षण फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्समध्ये, विषय चित्रपट. ओढा भयपटांकडे, आणि हा व्हिडिओ मित्रांना हसवायला केलेली गंमत. 2006 मध्ये माइक मटेई या मित्राच्या पुढाकाराने तो यूट्यूबवर चढला. तेव्हा पात्राचं नाव ‘अँग्री निन्टेन्डो नर्ड’ होतं. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर दुकान थाटलं की कधी ना कधी नोटीस येणार, शिवाय अटारी आणि सेगाचे गेमही घ्यायचेच होते, म्हणून ‘निन्टेन्डो’ जाऊन ‘व्हिडिओ गेम’ आलं. काइल जस्टिनने शीर्षकगीत केलं, पुढे काही वर्षं गेमट्रेलर्स या साइटशी करार राहिला, आणि भागांची संख्या दोनशेच्या पलीकडे गेली.

चित्रपटाचं शिक्षण कुठे कामाला आलं हे संकलनात दिसतं. बटणावरचं बोट, पडद्यावरचा परिणाम, चेहरा: या तीन शॉट्सवर बहुतेक विनोद उभा असतो, आणि क्रम चुकला तर विनोद पडतो. चेहरा आधी दाखवला की प्रेक्षक माणसाला हसतो. पडदा आधी दाखवला की तो गेमला हसतो. नर्ड जवळजवळ नेहमी दुसरा मार्ग धरतो. त्याच्या नकलांमध्ये तासभर नुसता चेहराच असतो.

‘टीनेज म्यूटंट निन्जा टर्टल्स’चं उदाहरण घेऊ. 1989 चा गेम, अल्ट्रा गेम्स या नावाखाली काढलेला. (अल्ट्रा म्हणजे कोनामीच. निन्टेन्डो अमेरिकेत एका प्रकाशकाला वर्षाला पाचच गेम काढू द्यायचा, म्हणून दुसरं नाव.) त्यातला धरणाचा टप्पा कुप्रसिद्ध आहे: पाण्याखाली 8 बॉम्ब निकामी करायचे, वेळ 2 मिनिटं 20 सेकंद, बोळ अरुंद आणि दोन्ही बाजूंना विजेचं शेवाळ. पण मला त्याहून चांगली वाटते ती गटारातल्या छोट्या खाचेची तक्रार. वर छत इतकं खाली की उडी मारली तर डोकं आपटून कासव थेट पाण्यात. उपाय? उडी मारायचीच नाही, सरळ चालत जायचं. खाच इतकी अरुंद आहे की पाय पलीकडे पडतो. उडी मारण्यावर उभ्या असलेल्या गेममध्ये हे कोणाला सुचणार! चांगला समीक्षक अशी जागा शोधतो, कारण ती एका वाक्यात सांगता येते आणि दहा सेकंदांत दाखवता येते.

मारलेला शत्रू पडद्याबाहेर जाऊन परत आलं की पुन्हा उभा, ही तक्रारही अशीच. तिच्यामागे कारण आहे. हे गेम ज्यावर चालायचे त्या निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलची (गेम-यंत्राची) कामाची मेमरी फक्त 2 किलोबाइट. कोण मेला, कोण जिवंत याची नोंद ठेवायची तर त्यातलीच जागा जाते, म्हणून पुष्कळ गेम ती नोंद ठेवतच नाहीत. हे सांगितल्याने विनोद मरत नाही. उलट राग कुठे काढायचा ते नेमकं कळतं: मेमरीवर राग काढून उपयोग नाही, पण उडी मारून उतरण्याच्या जागेवरच शत्रू ठेवणारा डिझायनर मात्र हक्काचं गिऱ्हाईक.

आता यंत्राकडे. नर्डच्या भागांत करडा एनईएस लाल दिवा लुकलुकवत बसतो. यामागे भूतबाधा नसून दोन गोष्टी आहेत. समोरून काडतूस आत सरकवून खाली दाबायची असल्यामुळे 72 पिनांच्या कनेक्टरचे पत्रे वापराने वाकतात, त्यांची पकड सैल होते. आणि आत 10एनईएस नावाची कुलूप-चिप आहे. काडतुसातल्या जोडीदार चिपशी तिचा संवाद जुळला नाही की ती प्रोसेसरला सुमारे सेकंदाला एकदा रीसेट करत राहते. तोच तो लुकलुकणारा दिवा. फुंकर मारून चालतं असं वाटतं, कारण फुंकरीच्या निमित्ताने काडतूस काढून पुन्हा बसवली जाते आणि पिना नव्या जागी टेकतात. थुंकीतली ओल मात्र संपर्कपट्ट्यांवर राहून त्या हळूहळू गंजवते.

योग्य पद्धत अशी. 90 टक्क्यांहून अधिक आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्यायचं, पट्ट्या पिनांच्या दिशेने पुसायच्या, आडव्या नाही. काडी काळी येणं थांबेपर्यंत नवी घ्यायची, मग सुकू द्यायचं. आतून साफ करायची असेल तर कवचाचे स्क्रू 3.8 मिलिमीटरच्या गेमबिटने (या खास स्क्रूंसाठीच्या पान्याने) निघतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने जबरदस्ती केली तर डोकं झिजतं. तरीही लुकलुकलं तर कन्सोलमधल्या कुलूप-चिपची चौथी पिन कापून उचलून ठेवतात, म्हणजे तिचं रीसेट करणं बंद होतं. 1993 चं वरून काडतूस घालायचं मॉडेल या चिपविनाच आलं, पण त्याला व्हिडिओसाठी फक्त आरएफ जोडणी (टीव्हीच्या अँटेना-केबलची) दिलेली, त्यामुळे चित्र गढूळ.

आपल्याकडचे बहुतेक टीव्ही गेम फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या मूळ जपानी रूपाच्या, नकला. त्यांच्या काडतुसांना 60 पिना, कुलूप-चिप नाहीच. म्हणून नर्डचा लुकलुकणारा दिवा इथे फारसा कोणी पाहिला नाही. फुंकर मात्र घराघरात होती. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे 50 हर्ट्झ, सेकंदाला 50 वेळा चित्र बदलणारा. 60 हर्ट्झसाठी लिहिलेला गेम त्या वेगाने चालवला की सुमारे 17 टक्के मंद होतो, संगीतासकट. फ्रेम मोजणाऱ्या घड्याळाची 2 मिनिटं 20 सेकंद तिथे 2 मिनिटं 48 सेकंद होतात. धरणाचा टप्पा ‘एवढा काही कठीण नाही’ म्हणणाऱ्याने आधी आपण कुठल्या यंत्रावर खेळलो ते सांगावं.

रेकॉर्डिंगमध्ये एक सापळा आहे आणि नवे लोक त्यात हमखास अडकतात. एनईएस एका आडव्या ओळीत जास्तीत जास्त 8 स्प्राइट (पडद्यावर हलणाऱ्या आकृत्यांचे तुकडे) दाखवू शकतो, एकूण 64. ओळीत नववा आला की तो गायब. म्हणून गेम स्प्राइटचा क्रम दर फ्रेमला फिरवतात, आणि गर्दी झाली की आकृत्या लुकलुकतात. ‘शत्रू दिसतच नाही’ ही तक्रार इथून येते. आता हाच खेळ 30 फ्रेम प्रतिसेकंदाने टिपला तर काय होतं? एक फ्रेम आड लुकलुकणारी आकृती एकतर प्रत्येक टिपलेल्या फ्रेममध्ये येते नाहीतर एकाही नाही. पहिल्या स्थितीत प्रेक्षक म्हणतो, ‘चांगला दिसतोय की, कशाला ओरडतोस?’ दुसऱ्या स्थितीत हवेतून मार बसल्यासारखं दिसतं आणि गेमवर खोटा आळ येतो. शिवाय कन्सोलचं 240 ओळींचं चित्र पुष्कळ कॅप्चर कार्डं (टीव्हीचं चित्र कॉम्प्युटरवर टिपणारी) 480 ओळींचं इंटरलेस्ड, म्हणजे एक आड एक ओळ रंगवलेलं, समजतात आणि दोन फ्रेम एकात मिसळतात. म्हणून 240पी, म्हणजे हे 240 ओळींचं चित्र, ओळखणारं कार्ड किंवा स्केलर (चित्र मोठं करणारं यंत्र) घ्यावं आणि 60 फ्रेमनेच टिपावं. यूट्यूबवर 60 फ्रेमची सोय 2014 च्या अखेरीस आली, त्यामुळे त्याआधीच्या कुठल्याही समीक्षेत लुकलुक कमी-अधिक दिसली तर गेमला दोष देण्याआधी हे आठवावं.

नर्डचं एक मोठं लक्ष्य म्हणजे एलजेएन. ‘कराटे किड’, ‘बॅक टू द फ्यूचर’, ‘फ्रायडे द थर्टीन्थ’, ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या सगळ्यांच्या पेटीवर ते इंद्रधनुष्यी चिन्ह. इथे मात्र तो अन्याय करतो असं माझं मत. एलजेएन ही खेळण्यांची कंपनी, गेमची प्रकाशक. कोड दुसरेच लिहायचे. ‘कराटे किड’ आणि ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ अॅटलसने केले, ‘रॉजर रॅबिट’ रेअरने, ‘बॅक टू द फ्यूचर’ ऑस्ट्रेलियातल्या बीम सॉफ्टवेअरने. पुढे यातल्याच काहींनी उत्तम गेम दिले. मग खरा दोष चित्रपटाचा परवाना घेऊन घाईने काहीतरी बाजारात आणायच्या पद्धतीकडे जातो. पण मालिकेला खलनायक लागतो, आणि पेटीवरचं चिन्ह कॅमेऱ्याला दाखवता येतं, पद्धत दाखवता येत नाही.

घाईचं टोकाचं उदाहरण अटारीचा ‘ई.टी.’, डिसेंबर 1982. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉला तो सुमारे पाच आठवड्यांत करावा लागला. नर्डने त्याची समीक्षा वर्षानुवर्षं टाळली आणि ती शेवटी आली ती 2014 मध्ये, त्याच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाबरोबर. लोकवर्गणीतून सव्वातीन लाख डॉलरच्या वर जमलेल्या पैशांचा हा चित्रपट न्यू मेक्सिकोत पुरलेल्या ‘ई.टी.’च्या काडतुसांच्या दंतकथेवर आहे, वॉर्शॉ स्वतः त्यात दिसतो. गंमत अशी की चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच, 26 एप्रिल 2014 ला, तिथल्याच अलामोगोर्डोच्या कचराभूमीत खरंच खोदकाम झालं आणि काडतुसं निघाली. दंतकथेतला अर्धा रस तिथेच गेला. चित्रपट मला लांबलेला वाटतो. वीस मिनिटांत जो राग पेटतो तो दोन तास पेटता ठेवायला कथा लागते. ‘ई.टी.’ची समीक्षा मात्र त्याच्या चांगल्या कामांपैकी, कारण गेममधलं पात्र सारखं खड्ड्यात का पडतं ते तो तिथे उलगडतो: पात्राच्या चित्राचा कुठलाही पिक्सेल खड्ड्याच्या पिक्सेलला लागला की पडलाच, पाय भले जमिनीवर असोत.

पैशाची बाजू थोडक्यात. गेमचं चित्र दुसऱ्याच्या मालकीचं, हा या धंद्यातला कायमचा काटा. डिसेंबर 2013 मध्ये गेमच्या व्हिडिओंवर कन्टेन्ट आयडीच्या (मालकी हक्काचं चित्र-आवाज आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेच्या) दाव्यांची लाट आली. निन्टेन्डोने 2015 मध्ये योजना काढली: जाहिरातीच्या उत्पन्नातले 60 टक्के एकेका व्हिडिओला, 70 टक्के पूर्ण चॅनल नोंदवलं तर. 2018 च्या अखेरीस ती बंद झाली. नर्डसारख्यांनी म्हणूनच टी-शर्ट, डीव्हीडी आणि स्वतःवरच बेतलेले गेम (फ्रीकझोनचा पहिला 2013 चा) असे वेगळे पाय रोवले.

मराठीत हे करणाऱ्यांसाठी: 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम 52(1)(अ) टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देतं. पण यूट्यूबचं यंत्र कलमं वाचत नाही, आवाज आणि चित्र जुळवतं. गेममधलं संगीत सलग वाजू देऊ नये, त्यावर आपला आवाज असावा, क्लिप ज्या दोषाबद्दल बोलतो आहोत त्यापुरतीच असावी. दावा आलाच तर पाच दिवसांच्या आत हरकत नोंदवावी, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न बाजूला धरून ठेवलं जातं. उशीर केला तर हरकतीच्या दिवसापासूनचंच. दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात, आणि त्याने उत्तर दिलं नाही तर दावा आपोआप गळतो.