मिठाची मूठ

"मीठ टाकलंय का?" गिरणीवाल्यानं विचारलं.

पिशवीत चार किलो दादर ज्वारी आणि एक किलो काळे उडीद होते. कळण्याच्या भाकरीचं दळण हे त्याला पाहताक्षणी कळलं होतं. माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याचा हात खडेमिठाच्या डब्याकडे गेलाही होता.

"नको. या वेळी बिनमिठाचं."

"कोणाची तब्येत?"

"माझी."

यावर त्यानं जी मान हलवली ती सांत्वनाला आल्यासारखी होती.

झालं असं, की गेल्या महिन्यात रक्तदाब 150 वर 96 निघाला. डॉक्टर म्हणाले, "वरून मीठ घेऊ नका." मी खूश झालो. वरून मीठ मी कधी घेतलेलंच नाही, म्हणजे सुधारणा आधीच पूर्ण! महिनाभर याच आनंदात कळण्याची भाकरी, कच्चं तेल, ठेचा असं यथेच्छ जेवत होतो. मग एका दुपारी आईला दळण काढताना पाहिलं. पाच किलोवर तिनं दोन मुठी खडेमीठ टाकलं. उगाच कुतूहल म्हणून तेवढंच मीठ काट्यावर ठेवलं तर भरलं 100 ग्रॅम. भाकरीला 100 ग्रॅम पीठ धरलं, तर एका भाकरीत दोन ग्रॅम मीठ. मी दोन खातो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा. माझे चार भाकरीतच संपले. ठेचा, शेवभाजी आणि पापड अजून यायचेच होते. वरून कुठं घ्यायचं, सगळं आतच होतं.

आजीला हा हिशेब सांगितला असता तर तिनं मलाच दळायला बसवलं असतं. शनिवारी शाळा सकाळची असायची. दुपारी चुंबळीवर डबा ठेवून मी गिरणीतून यायचो. पीठ इतकं गरम, की डोक्याची टाळू पाघळेल असं वाटायचं. अंगणात पाय टाकला की आजी डबा उतरवायच्या आधीच झाकण उघडायची, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची, "मीठ कमी शे." कमी कधी नसायचं. गिरणीवाल्यानं आधीच्या कोणाचा तरी गहू माझ्या दळणात मिसळला, हेच तिला सुचवायचं असे. उलट आमच्या कळण्यामागून ज्यांचा गहू लागे, त्या घरच्या पोळ्या खारट व्हायच्या. त्यावरून त्या बायका आजीशी भांडायला येत. ती त्यांना आधी पाणी द्यायची, मग भांडायची.

तिच्या घरात मीठ सांडायची भीती होती. सांडलं तर वर गेल्यावर पापणीनं वेचावं लागतं म्हणे. मी रोज रात्री पापण्या मोजून झोपायचो.

तर बिनमिठाचं पीठ घरी आलं. हिवाळा, भरिताचे दिवस. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कांद्याची पात, सगळा थाट. आईनं भाकरी वाढली. तिनं एक घास खाल्ला, काही बोलली नाही आणि ठेच्याचं वाटगं स्वतःकडे ओढलं. मीही ओढलं. वडिलांनी पापड भाजायला सांगितला, एक नाही, तीन. मीठ त्या रात्री भाकरीतून निघालं आणि ठेच्यातून पोटात गेलं. एवढं मात्र झालं, की भरिताला मीठ आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. इतकी वर्षं भाकरीच बोलत होती, भरीत नुसतं ऐकत होतं.

चार दिवसांनी आईनं पिठाचा डबा उघडला. "हे संपव आणि पुढचं दळण नीट कर," म्हणाली. नीट म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही.

परवा पुन्हा गिरणीवर गेलो. त्यानं पिशवीत डोकावून विचारलं, "मीठ?"

"एक मूठ," मी म्हणालो. दोनाची एक, अर्धी सुधारणा.

त्यानं डब्यात हात घातला, मूठ भरली आणि दळणावर सोडली. ती टाकताना माझ्या लक्षात आलं, त्याची मूठ आईच्या मुठीच्या दुप्पट आहे.