कामट्यांचा तारा

दिवाळीत एसटीचा कंडक्टर घरी नसतो, गणपतीत पोलीस नसतो, तसा नाताळात चर्चचा तरुण पाळक घरी नसतो. ज्याचा सण त्यालाच सुट्टी नाही. सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेतून, नुकताच बाहेर पडलेला, बावीस-चोवीस वर्षांचा पोरगा. नेमणूक विदर्भातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या नाहीतर मेळघाटाच्या पायथ्याच्या एखाद्या गावात. २४ ची रात्र, २५ ची सकाळ, ३१ ची जागरणाची उपासना आणि १ तारखेची नव्या वर्षाची, एवढं उरकल्याशिवाय त्याला गाव सोडता येत नाही. घरी जायचं ते २ जानेवारीला. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २ जानेवारीच्या गाडीसाठी ३ नोव्हेंबरच्या सकाळी आठला मोबाइल घेऊन बसायचं. त्या दिवशी गावात टॉवर गेलेला असला तर मग थेट पोंगलच्या गर्दीतच जागा मिळते. यवतमाळ बाजूचा असेल तर धामणगावापर्यंतची एसटी हिशेबात धरायची, आणि थंडीतली पहिली गाडी वेळेवर सुटेल हे धरायचं नाही.

‘मिशनरी’ म्हटलं की खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांपुढे अजून जुना बंगला आणि गोरा साहेबच येतो. आताचा मिशनरी अहिल्यानगरचा असतो, वसईचा असतो, केरळचा किंवा नागालँडचा असतो. विदर्भाला ही माणसं नवी नाहीत. युनियन बिब्लिकल सेमिनरी पुण्याला गेली ती १९८३ मध्ये. त्याआधी १९५३ पासून ती यवतमाळातच होती, आणि देशभरातून आलेल्या पोरांनी त्या तीस वर्षांत वऱ्हाडातले हिवाळे काढले. त्याही मागे गेलं तर स्टीफन हिस्लॉप. हा स्कॉटिश माणूस १८४५ मध्ये नागपुरात आला, शाळा काढली, दगड आणि जीवाश्म गोळा केले, आणि १८६३ मध्ये टाकळघाटकडून परतताना नाल्याच्या पुरात बुडाला. त्याला नाताळात घरची आठवण येत असेल का, हा प्रश्न जरा फसवा आहे. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या मंडळींना नाताळ साजरा करणंच पसंत नव्हतं. तिथं २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती १९५८ साली. घरीच नसलेला सण परक्या गावात कसा आठवणार?

आताच्या पोराला मात्र आठवतो. आणि पहिली आठवण येते ती पांघरुणाची. विदर्भ म्हणजे ऊन, एवढंच ऐकून तो आलेला असतो. पिशवीत दोन सुती चादरी. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. टिनाच्या छपराखाली पहाटे चारला जी थंडी उतरते तिला एक रजई पुरत नाही. अंगाखाली वाकळ हवी. थंडी वरून लागते त्यापेक्षा फरशीतून जास्त लागते. खाटेवर झोपणाऱ्यानं तर खाली पोतं अंथरावंच, कारण खाटेच्या दोऱ्यांमधून वारा येतो. गावात हे सगळं मिळतं, मागावं मात्र लागतं.

दुसरी गोष्ट गावाच्या वेळापत्रकाची. सेमिनरीत शिकवलेलं असतं, घरोघर नाताळची गाणी गात फिरायची गीतफेरी संध्याकाळी सातला. इथं डिसेंबर म्हणजे कापसाचा वेचा. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे बाया दिवस मावळेपर्यंत वावरातून हलत नाहीत. मग स्वयंपाक, मग जेवण. फेरी साडेआठच्या आधी निघतच नाही, आणि निघाली तरी पुरुषांचे आवाज अर्धेच. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, आणि शेतीची वीज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. तेव्हा फेरीच्या तारखा ठरवण्याआधी कॅलेंडर बघण्यापेक्षा विजेची पाळी विचारावी. रातपाळीचा आठवडा असेल तर बाया-पोरांच्या पट्टीतलीच गाणी घ्यावी. उगाच जाड आवाजाच्या भरवशावर राहू नये.

वाद्यांचंही तसंच. केरळ-नागालँडच्या पोराबरोबर गिटार येते. इथं मंडळी टाळ-ढोलकीवर गातात; रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-भजनांची वाट चर्चमध्ये आणली ती गावागावांत अजून चालू आहे. दव पडलं की ढोलकीचं कातडं सैल पडतं आणि आवाज भद्द येतो. शेकोटीपासून दोन हातांवर धरून पान फिरवत शेकलं की चढते. जवळ नेली तर कातडं तडकतं. गिटारीच्या तारा थंडीत उलट चढतात. दोघांचा सूर जुळवायला चौकात दहा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात कुणीतरी चहा आणतं. रात्री दहानंतर भोंगा वाजवता येत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० हे खेड्यालाही लागू आहेत. वर्षातल्या ठरावीक दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. २४ ची रात्र त्यात आहे की नाही हे पोलीस पाटलांना आधी विचारून ठेवावं. परगावच्या माणसानं विचारलं की त्यांनाही बरं वाटतं.

आता तारा.

हा तारा मुळात घरापासून लांब राहणाऱ्यांचाच आहे. जर्मनीतल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचे मिशनरी समुद्रापार जात आणि मुलांना मायदेशी वसतिगृहाच्या शाळेत ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथं भूमितीच्या तासाला मुलांकडून कागदाचे तारे करून घेऊ लागले, आणि आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी तारा जोडायचा असा रिवाजच पडला. त्या ताऱ्याला २५ टोकं. १७ चौकोनी बुडाची, ८ तिकोनी बुडाची, आणि सव्विसाव्या जागी दिवा सोडायची वाट. आई-बाप दुसऱ्या खंडात असलेल्या पोराला डिसेंबरात पंचवीस टोकं चिकटवायला लावणाऱ्या मास्तरला पोरांची नस ठाऊक असणार. हात गुंतले की डोकं निवतं.

आपल्याकडे पाच टोकांचा, कामट्यांचा म्हणजे बांबूच्या पट्ट्यांचा तारा. शहरात तो प्लास्टिकचा, घडीचा मिळतो, नि तो घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. विकतच्या ताऱ्याला एक संध्याकाळ लागते, हाताच्या ताऱ्याला चार. आणि परक्या गावात या चार संध्याकाळींचीच गरज असते. शिवाय त्यासाठी चार दारं ठोठवावी लागतात. कामट्या बुरडाकडून. पतंगी कागद दिवाळीच्या आकाशकंदिलातला उरलेला नाहीतर संक्रांतीच्या पतंगांसाठी दुकानात नुकताच आलेला. नाताळ बरोबर या दोन सणांच्या मधे पडतो. दोरा शिंप्याकडचा. मैदा किराण्यातून.

कामट्या मागताना वाळलेल्या बांबूच्याच मागाव्या. ओला बांबू वाकतो छान, पण वाळताना आकसतो आणि आठ दिवसांत सगळे बंध ढिले. ३६ इंचांच्या दहा, पाव इंच रुंद, पाठीसकट तासलेल्या. आणि सहा इंचांचे पाच आडणे, म्हणजे मधे ठोकायचे आडवे तुकडे. दहाही कामट्या तंतोतंत सारख्या हव्या. एखादी अर्धा इंच जास्त भरली तर ताऱ्याचा एक हात लांब होतो आणि अख्खा तारा लंगडतो. एकेक मोजून कापण्यापेक्षा दहाही एकत्र बांधून एकदाच करवत फिरवावी.

मग खुणा. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून पावणेचौदा इंचांवर एकेक; मधे साडेआठ इंच उरतात. लांबी वेगळी असेल तर तिला ०.३८२ नं गुणावं. या खुणा न करता अंदाजानं बांधलेले तारे गावोगाव दिसतात: पोट मोठं, हात आखूड, स्टारफिशसारखे. पेन न उचलता चांदणी काढतो तशा पाच कामट्या जमिनीवर ठेवायच्या, एक वरून एक खालून. टोकं आधी सैल बांधावी, खुणेवर खूण आणून आतले पाच छेद घट्ट आवळावे, आणि टोकं शेवटी. उलट केलं तर छेद जुळत नाहीत. सुतळी नको, तिच्या गाठीवर कागद फाटतो.

अशा दोन चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं जोडायची आणि आतल्या छेदांमधे आडणे ठोकायचे, म्हणजे पोट फुगतं. आडण्याच्या दोन्ही तोंडांना खाच हवी, नाहीतर रात्रीतून निसटून पडतात. आणि ते ओळीनं बसवू नयेत. शेजारचे दोन आधी बसवले की ताण एका बाजूला जातो आणि समोरची कामटी काडकन मोडते. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतात तसं एक सोडून एक: पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा. बोटानं हा क्रम गिरवून पाहिला तर त्याचीच चांदणी होते; पोरांना हे दाखवलं की पुढचं काम तीच करतात.

कागद चिकटवायची खळ एक भाग मैदा आणि पाच भाग पाणी. आधी गार पाण्यात गुठळ्या मोडाव्या, मग मंद आचेवर पारदर्शक होईस्तो ढवळावं. एका ताऱ्याला पाव वाटी मैदा पुरे. खळ गरम असताना लावली तर पतंगी कागद गळतो, फार दाट लावली तर वाळल्यावर सुरकुततो. उंदीर खळीवर येतात म्हणून जुनी माणसं त्यात मोरचूद घालायची. ते विष आहे, आणि बोटं चाटणारी पोरं भोवती असताना ते टाळावं. त्यापेक्षा तारा रात्री उंच टांगून ठेवावा. कागद चार ताव लागतात. सहा आणावे, कारण दोन फाटतातच. आधी बाजूचे दहा निमुळते तिकोन, मग हात, शेवटी मधले पंचकोन. मागच्या पंचकोनाची एक कड न चिकटवता सोडावी. बल्ब बदलायला तेच दार.

बल्ब जुना, तापणारा पिवळा घालू नये. पोटाची खोली सहा इंच, म्हणजे बल्ब आणि कागद यांच्यात दोन-अडीच इंचच राहतात; साठचा बल्ब तासाभरात कागद करपवतो. नऊ वॅटचा एलईडी घालावा. रात्री वावरात मोटारी सुरू झाल्या की गावाचं व्होल्टेज बसतं, तेव्हाही तो टिकून राहतो. आणि तारा झाडावर नाही, पडवीच्या आत टांगायचा. निंबावर टांगलेला तारा दिसतो लांबून, पण एका रात्रीच्या दवात कागद लोंबतो आणि लाल रंग पिवळ्यात उतरतो.

तारा लागला की गोठ्याच्या देखाव्याला फार कष्ट नाहीत. असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात असा देखावा मांडला तेव्हा बैल आणि गाढव आणवले होते. इथं ते अंगणातच बांधलेले असतात. भंडारा-गोंदियाकडे तणस घालावं, वऱ्हाडात कडबा-कुटार. गव्हाण म्हणजे काय हे शहरातल्या लेकरांना समजावून सांगावं लागतं. इथली लेकरंच पाळकाला सांगतात, की तुमची गव्हाण फार उंच झाली, बैलाचं तोंड पुरणार नाही.

नवख्याला वाटतं, अवघड जाईल ती २४ ची रात्र. ती जात नाही. त्या रात्री जनरेटर, सतरंज्या, मेणबत्त्यांखालचे पुठ्ठे, नाटकातली झोपलेली मेंढपाळं आणि सुटलेल्या दाढ्या यांतून डोकं वर निघत नाही. अवघड असते २५ ची दुपार, दोन ते पाच. उपासना संपते, हस्तांदोलनं होतात, लोक आपापल्या घरी जेवायला पांगतात, आणि मांडवात कागदी पताका, उष्टे कप आणि हा एकटा. फोन लावावा तर टॉवरवर सगळ्या जगाची गर्दी. म्हणून घरचा फोन सकाळी उपासनेच्या आधीच उरकावा आणि जेवणाची आमंत्रणं बारा वाजताची न घेता दोननंतरची घ्यावी. आमंत्रणं चिक्कार असतात. ‘ब्रदरजी, जेवाले चाला ना बाप्पा, दोन घास तरी खा जी,’ याला नाही म्हणता येत नाही, आणि दोन घास हे माप इथं कुणी पाळत नाही. सहा घरं ठरली असतील तर पहिल्या घरी अर्धीच भाकर घ्यावी. मटणाच्या रश्श्यावरची तर्री, म्हणजे वर तरंगणारं तिखट तेल, वाटीच्या कडेला सारून खालचा रस्सा घ्यावा; ज्यांना ठाऊक नसतं ते आधी तर्रीच पितात आणि तिसऱ्या घरापासून दह्यावर येतात.

घरचा डबा पोस्टानं येणार असेल तर १० डिसेंबरच्या आत टाकायला सांगावं. कुलकुल आणि शंकरपाळे कसेही पोचतात. करंज्यांचा भुगा होतो, म्हणून त्या मुरमुऱ्यांत पुरून पाठवायच्या: तळाला थर, एक पदर करंज्या, पुन्हा मुरमुरे, डबा हलवला तरी आवाज येता कामा नये. करंज्या संपल्या की त्याच मुरमुऱ्यांचा चिवडा. त्याला तुपाचा आणि वेलदोड्याचा घरचा वास लागलेला असतो, तेव्हा लसूण घालण्याची घाई करू नये. केक घरून मागवूच नये. तो इथं कुकरमध्ये होतो आणि आंबिया बहाराची संत्री नेमकी तेव्हाच असतात. साल मात्र सोलण्याआधी किसावी, नागपुरी संत्र्याची साल ढिली असल्यानं सोलल्यावर ती किसणीवर धरता येत नाही.

६ जानेवारीला तारा उतरवायचा, पाळक घरी गेलेला असला तरी. कागद पोरं मागून नेतात. संक्रांत आठवड्यावर आलेली असते आणि पतंगांना शेपट्या हव्या असतात. बल्ब ज्याचा त्याला परत. आडणे काढून कामट्यांची मोळी करावी आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चुलीवरच्या आढ्याला खोचून ठेवावी. धुरात भुंगा लागत नाही. खुणा पेन्सिलीच्या असतील तर त्यांवर आधी शाई फिरवावी. वर्षभराच्या काजळीत पेन्सिल दिसत नाही, आणि पुढच्या डिसेंबरात इथं कुणाची नेमणूक असेल ते सांगता येत नाही.