एका नळीचं माप

"ताई, नळी मधेच का खुपसली? कडेचा गहू माझा नाही का?"

ट्रॉलीशेजारी उभ्या काकांनी हे विचारलं, तेव्हा माझ्या हातात त्यांच्या गव्हाचा निकाल होता. ओलावा 13.7 टक्के, म्हणजे 14 च्या मर्यादेत. काडीकचरा आणि माती मात्र 3.1, आणि आमच्या खरेदी केंद्रावरची मर्यादा 2 ची. माल खालच्या प्रतीत जाणार होता. नमुना मदतनिसाने काढला होता, एकाच ठिकाणाहून. रांग लांब होती म्हणून मीही काही बोलले नव्हते.

काकांचा प्रश्न अगदी बरोबर होता. धान्य वरून ओतलं की ते सारखं पसरत नाही. माती, बारीक कण आणि फुटके दाणे धार पडते तिथेच साचतात, अख्खे दाणे घरंगळत कडेला जातात. नळी नेमकी त्या धारेच्या जागी गेली होती.

मी स्वतः ट्रॉलीवर चढले. आठ ठिकाणी, तळापर्यंत नळी घातली. सगळं एकत्र करून ढीग केला, त्याचे चार वाटे पाडले, समोरासमोरचे दोन ठेवले, बाकीचे बाजूला सारले आणि नमुना पुरेसा लहान होईपर्यंत हेच करत राहिले. चाळणी काकांसमोर फिरवली. कचरा 1.7 निघाला.

पण मीटरवर ओलावा 14.3 आला. तळाचा गहू जास्त ओला होता. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असं काकांना वाटेल या विचाराने मला कसंतरीच झालं. ते एवढंच म्हणाले, "जे आहे ते लिहा. फक्त माझ्यासमोर मोजा."

मीटर पाणी थेट मोजत नाही, दाण्यांच्या विद्युत गुणधर्मांवरून त्याचा अंदाज बांधतं. धान्य उन्हात तापलेलं असलं तरी आकडा हलू शकतो. म्हणून 5 ग्रॅम दळलेला गहू 130 अंशांच्या ओव्हनमध्ये 2 तास ठेवला. काका दारातच बसून राहिले. वजनातली घट आली 14.2 टक्के.

आता कपात. आमचा नियम असा की 14 च्या वर काटा गेला की क्विंटलमागे 1 किलो वजा. मी कागदावर हिशेब मांडला. 14.2 टक्के ओलाव्याच्या 100 किलो गव्हात कोरडा भाग 85.8 किलो. तोच गहू 14 वर आणला तर वजन होतं साधारण 99.77 किलो. जास्तीचं पाणी जेमतेम पाव किलो, आणि आम्ही कापणार 1 किलो! उरलेला पाऊण किलो पाणी नव्हता, तो काकांचा गहू होता.

तो कागद मी केंद्रप्रमुखांपुढे ठेवला. बऱ्याच वादानंतर त्या गाडीपुरती पाण्याएवढीच कपात मान्य झाली. उरलेल्या नमुन्याच्या दोन पिशव्या करून सीलवर दोघांच्या सह्या घेतल्या. एक केंद्रावर ठेवली, एक काकांना दिली. ती त्यांनी सदऱ्याच्या आत ठेवली.

त्या सकाळी त्यांच्या आधी अकरा गाड्या एकेका नळीवर तपासून गेल्या होत्या. त्यांच्या निकालांवर सही माझीच आहे, आणि फेरतपासणीसाठी त्यांतल्या एकाचाही नमुना मी ठेवलेला नाही.