तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेडिंगमध्ये टिकणाऱ्यांचं डोकं वेगळं असतं का?

मी कर सल्लागार. ऑफिस नाशिकला, कॅनडा कॉर्नरला. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्यांत फ्युचर्स-ऑप्शन्सवाले, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाचा भाव पुढे कुठे जाईल यावरच्या करारांचे सौदे करणारे, फार वाढले. सातपूरच्या कारखान्यातला सेकंड शिफ्टचा ऑपरेटर, जो सकाळी बाजार खेळून मग कामावर जातो. द्राक्षाचे पैसे हातात आले की उतरणारा पिंपळगावचा बागायतदार. बँकेतून निवृत्त झालेले काका. सगळ्यांची वर्षभराची पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याची, विवरणं माझ्या टेबलावर येतात, म्हणून सगळे एकच विचारतात: "तुम्ही तर सगळ्यांचं बघता. जे कमावतात त्यांची मानसिकता काय वेगळी असते?"

आधी हा 'मानसिकता' प्रकारच जरा बाजूला ठेवू. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये आकडे काढले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेले सामान्य लोक एक कोटीहून जास्त, आणि त्यातल्या ९३ टक्क्यांना तोटा. सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. आता एवढे सगळे मनाने कच्चे होते असं म्हणायचं का? याच तीन वर्षांत ब्रोकरेज, एक्स्चेंजचे आकार, कर असं मिळून लोकांनी सुमारे ५० हजार कोटी रुपये नुसते खर्चात घातले. आणि समोर कोण बसलंय? विदेशी संस्था आणि मोठ्या ट्रेडिंग कंपन्यांचा या व्यवहारांतला ९५ टक्क्यांहून जास्त नफा संगणकाच्या अल्गोरिदममधून आला. त्या मशीनला ना भीती, ना हाव, ना हप्ता भरायचाय.

तरी शनिवार-रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये क्लास भरतात, आणि तिथे शिकवलेली पद्धत चालली नाही की उत्तर तयार असतं: "पद्धत बरोबर आहे, तुमची सायकॉलॉजी कमी पडली." सोय बघा. नफा झाला तर सरांमुळे, बुडालात तर तुमच्या मनामुळे. ज्या पद्धतीत खर्च वजा जाता काही उरतच नाही, ती मन शांत ठेवून वापरली तर पैसे शांतपणे जातात, एवढंच.

मग मनाचा काहीच संबंध नाही? आहे, आणि तो विवरणात उघड दिसतो. बहुतेक विवरणांत नफ्याच्या ओळी जास्त असतात. नऊशे, चौदाशे, सहाशे, बावीसशे. मधेच एक ओळ: उणे एक लाख चाळीस हजार. दहा सौद्यांत आठ बरोबर येऊनही वर्ष तोट्यात! ४ जून २०२४ हा लोकसभा निकालाचा दिवस कित्येकांच्या विवरणात असा बसलाय. आदल्या दिवशी निफ्टी हा बाजाराचा निर्देशांक तीन टक्क्यांवर चढला होता आणि त्या एका दिवसात जवळजवळ सहा टक्के पडला. ज्यांनी ठरवलेला स्टॉप लॉस (इतका तोटा झाला की सौदा आपोआप बंद, ही सूचना) ऐन वेळी काढून टाकला, किंवा पडत्या भावात आणखी घेऊन अ‍ॅव्हरेज करत बसले, त्यांची आधीच्या कित्येक महिन्यांची कमाई जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेली होती.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये जे मांडलं ते हेच. हजार रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद, त्याहून जास्त दुःख हजार गेल्याचं; १९९२मध्ये त्यांनीच ते साधारण दुप्पट मोजलं. म्हणून नफा दिसला की माणूस घाबरून तो खिशात घालतो, आणि तोट्यात मात्र एकदम धाडसी होतो, कारण सौदा बंद केला की तोटा खरा ठरणार. लोक सांगतात, नफ्यात धीर धरा आणि तोट्यात पळा. मन नेमकं उलट वागतं, आणि ते सगळ्यांचंच तसं वागतं. कमावणाऱ्यांचंसुद्धा.

हे नाशिककरांना कांद्यावरून समजायला हवं. उन्हाळ कांदा चाळीत भरला की लासलगावचा भाव रोज बघायचा. मुरलेला शेतकरी खर्च निघाला की थोडा थोडा काढत राहतो, उरलेल्यावर जुगार खेळतो. नवखा "अजून पाचशे वाढू दे" म्हणत थांबतो. भाव उतरला की "मागचा भाव आल्याशिवाय देणार नाही" म्हणत आणखी थांबतो, आणि खाली कांदा सडत असतो. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने निर्यात बंद केली ती मे २०२४पर्यंत. चाळीतला कुठलाही हिशोब हे आधी सांगू शकत नव्हता. पण किती माल एका भावावर अडकवून ठेवायचा, हे आपल्या हातात होतं.

माझ्याकडे टिकून राहिलेले थोडे आहेत, आणि ते बाकी कुठल्याच बाबतीत एकमेकांसारखे नाहीत. त्यातले एक गृहस्थ तर भयंकर तापट. पार्किंगवरून रोज भांडणार. पण स्वतःचा ताप त्यांना ठाऊक आहे. दिवसाची तोट्याची मर्यादा सव्वानऊला बाजार उघडायच्या आधी कागदावर. ती ओलांडली की अ‍ॅपमधलं किल स्विच, म्हणजे सौदे थांबवणारं बटण, दाबून फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभागच बंद. मग दिवसभर आपला राग कुणावरही काढा, बाजारावर काढता येत नाही. थंड डोक्याचा ट्रेडर मी अजून पाहिला नाही. डोकं तापलं तरी हात बांधलेले राहतील अशी सोय करणारे पाहिलेत.

दुसरं म्हणजे त्यांचे सौदे लहान असतात, इतके की बघणाऱ्याला कंटाळा यावा. अर्धं भांडवल गेलं की मूळ जागेवर यायला उरलेल्याचे दुप्पट करावे लागतात. हे गणित त्यांना पाठ असतं, म्हणून ते अर्ध्यापर्यंत जातच नाहीत. आणि सौदे थोडे. अमेरिकेत ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातली ६६ हजारांवर कुटुंबांची खाती तपासली. सगळ्यात जास्त उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, बाजाराने मात्र १७.९ टक्के दिले होते.

यातल्या बहुतेकांचं घर दुसऱ्याच उत्पन्नावर चालतं. म्हणून पुढचा प्रश्न, "नोकरी सोडून पूर्णवेळ करू का?" याला माझं उत्तर नाही असंच असतं. घरभाडं बाजारातून काढायचं ठरलं की रोज सौदा करावा लागतो.

आता माझ्या धंद्याचं. फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा पगारातून वजा होत नाही, पण तो धंद्याचा तोटा म्हणून आठ वर्षं पुढे नेता येतो, रिटर्न मुदतीत भरलं तर. आणि लोक नेमकं तेच करत नाहीत. घरी सांगितलेलं नसतं, म्हणून रिटर्नमध्येही दाखवायचं नसतं. कागदावर आला की तोटा खरा वाटतो ना. पगाराचं साधं रिटर्न भरून मोकळे होतात, आणि पुढे कधी नफा झालाच तर त्यावर पूर्ण कर भरतात. तेव्हा यायचं तर मुदतीआधी या, ब्रोकरचं पूर्ण वर्षाचं विवरण घेऊन या, आणि येण्याआधी घरी आकडा सांगून या.